अंगठ्याखालचा लाल गोल

मी क्रेन चालवणाऱ्याच्या हातातला टॅब बोलतोय. मला सात भाषा येतात. पण ज्या दुपारी एका माणसाचा जीव एका शब्दावर टांगला होता, त्या दुपारी सातांपैकी एकाही भाषेत मला तो शब्द वेळेवर बोलता आला नाही. आता बोलतोय. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर.

सध्या माझा मुक्काम एका सरकारी कपाटाच्या तिसऱ्या खणात आहे. काचेला आडवी चीर गेलीये, एक कोपरा चेपलाय, आणि खाली डाव्या बाजूला काचेवर एक वाळलेला डाग आहे. डागाचं शेवटी सांगेन. आधी जन्माचं सांगतो, कारण मार खायला सुरुवात तिथूनच झाली.

माणसाचं पोर जन्माला आलं की त्याला उचलून छातीशी धरतात. मला छातीच्या उंचीवरून खाली सोडलं, काँक्रीटवर. आधी पाठीवर, मग तोंडावर, मग चारही कोपऱ्यांवर, असं सव्वीस वेळा. माझ्या आधीच्या दोघांच्या काचा फुटल्या आणि ते तिथेच भंगारात गेले. मी टिकलो. आपटणाऱ्यानं वहीत खूण केली, मला जाड रबरी अंगरखा चढवला आणि म्हणाला, "हा लवकर मरायचा नाही." आयुष्यात मला मिळालेला तेवढाच आशीर्वाद.

तिथून मी एका कंपनीत आलो. तिसरा मजला, काचेच्या खोल्या, टेबलांवर चहाचे वाळलेले गोल. तिथे भंगाराच्या यार्डातली क्रेन चालवायचं ॲप बनत होतं. वर रुळावर धावणारी क्रेन, तिला टांगलेलं बैलगाडीच्या चाकाएवढं चुंबक, आणि खाली उभा माणूस हातातल्या टॅबवरची बटणं दाबून ते हलवणार. पडद्याच्या डाव्या कडेला डावीकडे नेणारा बाण, उजव्या कडेला उजवीकडे नेणारा, मधे वर आणि खाली. तळाला दोन मोठे गोल. डाव्या अंगठ्याखाली लाल, त्यावर लिहिलेलं 'थांब'. उजव्या अंगठ्याखाली निळा, त्यावर 'सोड'. थांब दाबलं की क्रेन जागच्या जागी थिजते. सोड दाबलं की चुंबकाची पकड सुटते आणि लोखंड खाली पडतं. हे दोन गोल तेवढे लक्षात ठेवा.

ॲप एका भाषेत झालं आणि देशोदेशी विकायला निघालं. मग त्याला आणखी सहा भाषा शिकवायचं ठरलं. तुम्हाला वाटेल, त्यात काय, शब्द बदलले की झालं. मलाही तसंच वाटायचं. पण कुणाची तारीख दिवसापासून सुरू होते, कुणाची महिन्यापासून. कुणी दशांशाला टिंब देतं, कुणी स्वल्पविराम, आणि त्या एका ठिपक्यापायी अडीच टनांचे पंचवीस टन होतात. एका भाषेत चार अक्षरांत आटपणारा इशारा दुसरीत चौदा अक्षरं मागतो आणि अर्धा इशारा बटणाबाहेर कापला जातो. चाचणीत माझ्या पडद्यावर रोज आठ-दहा खोटी माणसं मरायची. कुणी चिरडलं जाई, कुणावर दोर तुटून पडे. मग चूक दुरुस्त करत आणि मेलेल्यांना पुन्हा उभं करत. चाचणीत तेवढी सोय असते.

ही चाचणी घ्यायची ती टोचणी. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल. ऑफिसात सगळे टोचणीच म्हणायचे, कारण दुसऱ्याच्या कामाला टोचून बघणं हेच तिचं काम. चूक सापडली की ती संगणकावर नोंद करी आणि ज्या टॅबवर सापडली त्याच्या पाठीवर पिवळी चिकटपट्टी लावून तिच्यावर काय बिनसलंय ते ठळक लिही. नखं कुरतडलेली, बोलणं तिखट. मला ती आवडायची.

वरचा साहेब मला कधीच आवडला नाही. सगळे त्याला पाठीमागे उरकेसाहेब म्हणत. "उरकून टाक" याखेरीज त्याच्या तोंडी दुसरं वाक्य नसे. हात सैल. चौथ्या भाषेत तारखा चुकल्या तेव्हा त्यानं मला टेबलावरून उचलून भिंतीवर फेकलं होतं. मी टोचणीच्या कानाशेजारून गेलो. अंगरख्याचा एक तुकडा उडाला तो तेव्हाचा. भिंतीचा पोपडा पडला त्यावर त्यांनी कॅलेंडर लावलं.

मग आली सातवी भाषा. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. तिच्यासाठी आख्खा पडदा आरशात बघावा तसा पलटावा लागतो. यादी उजवीकडून सुरू होते, मागे जायचा बाण दुसऱ्या कडेला जातो. वाचणाऱ्याला ते बरोबरच वाटतं, कारण त्याची नजर तशीच फिरते. ॲपमध्ये त्यासाठी एकच कळ असते. ती दाबली की सगळं एका फटक्यात पलटतं, कुणाला काही करावं लागत नाही.

सगळं म्हणजे सगळं. बाणसुद्धा. लाल आणि निळा गोलसुद्धा.

पण क्रेन कुठल्याच भाषेत धावत नाही हो. तिची डावी बाजू जगभर डावीच असते.

सातव्या भाषेचे शब्द एका म्हाताऱ्या मास्तरांनी करून दिले. त्यांना नुसती यादी पाठवली होती: थांब, सोड, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मास्तरांनी उलट विचारलं होतं, 'ही बटणं कुठे असतात आणि माणूस ती कशी दाबतो, याचं एखादं चित्र मिळेल का?' उरकेसाहेबानं उत्तर दिलं नाही. शब्द आले, कळ दाबली, पडदा पलटला.

टोचणीनं पहिल्याच दिवशी पकडलं. मला हातात धरून ती साहेबाच्या खोलीत गेली.

"साहेब, थांबच्या जागी सोड आलंय. बाणही उलटे झालेत. ही सहा बटणं पलटायची नाहीत."

"त्यांवर अक्षरं आहेत ना?"

"आहेत."

"त्यांच्याच भाषेत आहेत ना? मग वाचून दाबतील."

"चालवणारा वाचत बसत नाही, साहेब. निदान एकदा एखाद्या यार्डात जाऊन बघू या."

"वाचून दाबतील म्हटलं ना. उरकून टाक."

आणि त्यानं तिची नोंद बंद केली. टोचणीनं परत येऊन माझ्या पाठीवर पिवळी पट्टी डकवली: 'सातवी भाषा. थांब आणि सोड पलटतात. बाहेर देऊ नका.' पट्टी तिनं नखानं इतकी घासून बसवली की मला ती अजून जाणवते.

पुढच्या आठवड्यात ती रजेवर होती. लांबच्या एका यार्डातला टॅब लोखंडासोबत दाबयंत्रात जाऊन त्याचा पत्रा झाला होता, तिकडून ताबडतोब दुसरा हवा म्हणून निरोप आला. उरकेसाहेबानं हाताला लागलो म्हणून मलाच दिलं. "सातवी काढून हाच पाठवा, ती तयार झाली की इथून नेटवरून सोडू." मला उलटं करून बघायलाही तो थांबला नाही. पट्टीसकट मी खोक्यात गेलो.

यार्डात मी पहिल्यांदा खरं लोखंड पाहिलं. मोटारींचे सांगाडे, बॉयलर, जहाजाचे कापलेले पत्रे, एकावर एक रचलेले. एका बाजूला दाबयंत्र. त्याचा जबडा मिटला की आख्ख्या मोटारीचा ट्रंकेएवढा ठोकळा व्हायचा आणि फुटणाऱ्या काचांचा आवाज यायचा. दिवसभर कापणी, ठोकाठोक, शिव्या. तिथे कुणाचंच अंग धड नव्हतं. कुणाचं बोट गेलेलं, कुणाचा कान, कुणाच्या भुवईवर टाके.

मी थोरल्याच्या हाती आलो. तो आणि त्याचा धाकटा भाऊ दोघंही त्याच यार्डात होते. थोरला क्रेन चालवायचा, धाकटा खाली उभा राहून गॅसच्या ज्योतीनं लोखंड कापायचा आणि ओझं लावून द्यायचा. थोरल्याची चालवायची एक शिस्त होती, त्या यार्डातल्या प्रत्येकाची होती: डोळे ओझ्यावर. हातातल्या पडद्याकडे बघायचं नाही. ज्यानं ओझं टांगलेलं असताना मान खाली घातली, त्याला थोरला सगळ्यांसमोर मुस्काटात मारायचा. मग तो कितीही जुना गडी असो. "लोखंड तुझ्याकडे बघत असतं, तू त्याच्याकडे बघ," म्हणायचा. त्याचे अंगठे माझ्यावर आंधळ्यासारखे, पण अचूक फिरायचे. डावा अंगठा कायम लाल गोलावर टेकलेला. वर्षभरात त्यानं मला सात-आठ हजार वेळा थांबवलं असेल आणि एकदाही खाली बघून नाही.

आणि उरकेसाहेब तिकडे म्हणत होता, वाचून दाबतील.

पिवळ्या पट्टीवरची अक्षरं यार्डात कुणालाच वाचता येत नव्हती. ती कंपनीच्या भाषेत होती. धाकट्यानं एकदा मला उलटं करून विचारलं, "काय लिहिलंय रे दादा यावर?"

"असेल कंपनीचं काहीतरी."

"आपटू नका असं असेल. आधीच्याचं काय झालं ते कळलं असणार त्यांना."

दोघं हसले. त्यानंतर वर्षभर थोरल्याचा तळवा त्या पट्टीवर टेकलेला असायचा. माझा जीव तीळतीळ तुटायचा. सहा भाषा पोटात ठेवून मला त्यांना चार शब्द सांगता येत नव्हते.

त्यांनाही मी परकाच होतो. बटणं त्यांनी पाठ केली होती, पण माझे इशारे त्यांना कळत नसत. एकदा ओझं जास्त झालं म्हणून मी तीन मिनिटं पडद्यावर ओरडत होतो. कुणाला वाटलं बॅटरी संपतेय. शेवटी दोर तुटला आणि त्याच्या फटक्यानं एका गड्याचा कान गालासकट सोलून निघाला. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून कंपनीला पुन्हा लिहिलं की आम्हाला आमच्या भाषेत सांगा, आम्ही मरतोय इथे. असा हा सातवीचा आग्रह पहिल्यापासून त्यांचाच होता. तिची वाट त्यांनी वर्षभर पाहिली.

आता धाकट्याबद्दल. हसरा होता, कामाला वाघ होता, आणि घरी बायकोला मारायचा. हे सगळं एकाच माणसात होतं. यार्डात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्या दिवशी सकाळी ती थोरल्याच्या दारात आली. एक डोळा बंद झालेला, खालचा ओठ फाटलेला. नुसती उंबऱ्यावर बसली. थोरला कामावर आला तोच दात आवळून.

दुपारी जेवणाची शिट्टी झाली. डबे उघडायच्या आत थोरल्यानं धाकट्याला गचांडीला धरून ढिगावरून खाली खेचलं. मी शेडमध्ये खिळ्याला टांगलेला होतो, सगळं दिसत होतं. पहिला गुद्दा नाकावर बसला. दुसरा पोटात. धाकट्यानं हाताशी आलेला सळईचा तुकडा उचलून थोरल्याच्या खांद्यावर हाणला, हाड वाजलेलं मला ऐकू आलं. थोरल्यानं सळई हिसकली, लांब फेकली आणि भावाला तोंडावर पाडून त्याच्या पाठीवर गुडघा रोवला.

"पुन्हा तिच्या अंगाला हात लावलास," तो म्हणाला, "तर याच लोखंडाखाली गाडीन तुला."

तीस-पस्तीस माणसांनी ते ऐकलं. सोडवायला कुणी आलं नाही. बऱ्याच जणांना वाटत होतं, बरं झालं.

आणि नेमकं तेव्हाच, मी खिळ्याला टांगलेला असताना, नेटवरून सातवी भाषा माझ्यात उतरली. कुणाला न विचारता. माझा पडदा एकदा काळा झाला आणि उजाडला तो पलटून उजाडला. मला कळलं काय झालंय. खिळ्यावरून खाली पडून फुटावं असं मला वाटलं, पण आपटून फुटणाऱ्यांतला मी नव्हतो.

शिट्टी झाली. थोरल्यानं मला खिळ्यावरून काढलं. त्याच्या बोटांच्या सांध्यांवर रक्त होतं. पडद्यावर वरच्या ओळीत त्याला आपली अक्षरं दिसली. तो बघतच राहिला. रागानं ताणलेला त्याचा चेहरा जरा सैल झाला. भांडणानंतर तो भावाशी पहिल्यांदा बोलला.

"आपल्या भाषेत आलंय रे. बघ."

धाकटा रक्त थुंकला. पण जवळ आला, मान पुढे करून त्यानंही पाहिलं. "आलं एकदाचं," म्हणाला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. दोघांनी पाहिली ती अक्षरं. बटणांच्या जागा कुणी पाहणार? त्या तर अंगठ्यांना पाठ होत्या.

थोरल्यानं नेहमीसारखी मान वर केली आणि ती पुन्हा खाली केली नाही. चुंबक खाली आलं, इंजिनांचा ढीग धरून वर गेलं. वर आणि खाली पलटत नाहीत, म्हणून तोवर सगळं सुरळीत. मग ओझं डावीकडे, दाबयंत्राकडे न्यायचं होतं. त्यानं डाव्या कडेचा बाण दाबला. ओझं उजवीकडे निघालं. उजवीकडे धाकटा उभा होता, पाठमोरा, नाकाला फडकं लावून.

थोरल्याच्या घशातून आवाज फुटला आणि त्याच क्षणी डावा अंगठा खाली दाबला गेला, जितक्या जोरानं माणसाला दाबता येतो तितक्या जोरानं. पूर्वी जिथे लाल गोल होता तिथे.

मी सोडलं. दोन टन इंजिनं.

कसं पडलं ते सांगतो, कारण उरकेसाहेबासारख्यांनी ते ऐकायला हवं. किंकाळी आली नाही. खाली फक्त एक बूट दिसत होता, पायासकट, आणि तो थोडा वेळ हलत होता. धाकट्याच्या हातातली गॅसची ज्योत लोखंडाखालून तशीच फुसफुसत राहिली आणि जळक्या मांसाचा वास सुटला. कुणीतरी जाऊन टाकीची चावी बंद केली.

मग माणसं थोरल्यावर तुटून पडली. "बोलला होता, गाडीन म्हणून, गाडलंच," असं म्हणत त्यांनी त्याला सळयांनी, बुटांनी, पान्यांनी मारलं. सोडवायला जे आले नव्हते, तेच मारायला सगळ्यांत पुढे होते. त्यानं एकही हात वर केला नाही. मी त्याच्याखाली दबलो होतो आणि प्रत्येक फटका त्याच्या अंगातून माझ्यापर्यंत येत होता.

चौकशी अधिकाऱ्यानं मला उचललं, पिशवीत घातलं. मी त्याच्या टेबलावर असताना थोरल्याचा जबाब ऐकला. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मला ठाऊक होती, पण इथे संन्यासी स्वतःच मान पुढे करत होता.

"मी मारलं," थोरला म्हणाला.

"मुद्दाम?"

"मनात होतं. सकाळपासून मनात होतं. अंगठ्याला वाटलं थांब दाबतोय, पण मनानं त्याच्याकडून दुसरंच दाबून घेतलं असेल. नाहीतर हजारदा दाबलेलं बटण चुकेल कसं? लिहा, मीच मारलं."

दुसऱ्या दिवशी शिपाई आपसात बोलत होते ते मी ऐकलं. थोरल्यानं कोठडीच्या लोखंडी दाराच्या फटीत डावा अंगठा घातला होता आणि उजव्या हातानं दार स्वतःवर ओढून घेतलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. नख उडालं, हाडाचा चुरा झाला. ज्या अंगठ्यानं भावाला मारलं तो नको म्हणाला.

मी त्या टेबलावर पडून होतो. मला ठाऊक होतं, तिथे दुसऱ्या कुणालाच नाही. तितका हताश मी कधीच झालो नव्हतो, कारखान्यातल्या त्या काँक्रीटवरही नाही.

आठव्या दिवशी चौकशी बसली. कंपनीकडून दोघं आले, उरकेसाहेब आणि टोचणी. अधिकाऱ्याला त्यांची भाषा येत नव्हती, म्हणून दुभाष्या बोलावला होता. ते निघाले आपले मास्तर. त्या गावात दोन्ही भाषा जाणणारे तेवढेच. कोपऱ्यात धाकट्याची बायको बसली होती. डोळ्याची सूज उतरून पिवळी पडली होती.

अधिकाऱ्यानं आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "भाऊजींनी मारलं असेल तर माझ्यापायी मारलं. मग अर्धा गुन्हा माझ्या नावावर लिहा."

बेड्या घातलेला थोरला जमिनीकडे बघत होता. डाव्या अंगठ्याला हे एवढं बँडेज.

उरकेसाहेब हसत पुढे झाला. "आमच्या ॲपमध्ये काही दोष नाही. आधी याला नेटला जोडा, मग मी दाखवतो."

नेटला जोडलं की कंपनीनं अपघातानंतर गुपचूप दुरुस्त केलेली आवृत्ती आत शिरणार, बटणं सरळ होणार आणि त्या दुपारचा पडदा कायमचा पुसला जाणार. मग ब्रह्मदेव आला तरी थोरल्याला सोडवणं शक्य नव्हतं. टोचणीला हे माहीत होतं. ती दुरुस्ती तिनंच तपासली होती, आणि ती का करावी लागली ते न कळायला ती काही खुळी नव्हती.

तिनं मला टेबलावरून उचललं. पाठ फिरवली. तिची पिवळी पट्टी तिथेच होती, तेलानं काळी, रक्तानं तपकिरी, पण घासून बसवलेली.

"जोडायचं नाही," ती म्हणाली.

उरकेसाहेबानं टेबलाखाली तिचं मनगट पिरगाळलं. "गप्प बस."

"मास्तर, ही पट्टी मोठ्यानं वाचा. माझ्या हातची आहे, सव्वा वर्षापूर्वीची."

मास्तरांनी चष्मा लावला आणि अधिकाऱ्याच्या भाषेत वाचलं, "सातवी भाषा. थांब आणि सोड पलटतात." तिथे ते थांबले. हे दोन्ही शब्द त्यांनीच करून दिलेले. "मी विचारलं होतं," ते स्वतःशीच म्हणाले, "कुठे असतात बटणं म्हणून विचारलं होतं." मग पुढचं वाचलं. "बाहेर देऊ नका."

उरकेसाहेबानं झडप घातली. त्याचं कोपर टोचणीच्या तोंडावर बसलं आणि तिचा ओठ फाटला. त्यानं मला तिच्या हातून ओरबाडलं आणि टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा. काचेला चीर गेली, कोपरा चेपला. तिसऱ्यांदा उगारलेला हात शिपायानं पाठीमागे मुरगळला आणि त्याला तोंडावर जमिनीवर पाडलं. सव्वीस वेळा काँक्रीट खाल्लेलं अंग माझं, टेबलाला काय जुमानणार होतो. मी पडलो तिथेच उजळलो.

टोचणीनं ओठाचं रक्त बाहीनं पुसलं आणि मला थोरल्यापुढे धरलं. "यांना सांगा मास्तर, क्रेन जोडलेली नाही. नेहमीसारखं वर बघा आणि थांबवा."

थोरल्याच्या बेड्या काढल्या. त्यानं मला धरलं. मान आपोआप वर गेली, जणू तिथे ओझं टांगलं होतं. डावा अंगठा खाली आला. काही झालं नाही. बँडेजमधून माझ्या काचेला बोट कळत नाही, उघडं मांस लागतं.

तो समजला. त्यानं बँडेजचं टोक दातात धरलं आणि सोडत गेला. शेवटचा थर सुकलेल्या रक्तानं चिकटलेला होता, तो ओढताना त्याच्या कपाळाची शीर तटतटली. आत नख नव्हतं. जे होतं त्याला अंगठा म्हणणं कठीण होतं. वर बघत, पापणी न हलवता, त्यानं तो चिरडलेला अंगठा माझ्यावर टेकवला आणि सगळ्या ताकदीनं दाबला. अचूक तिथेच.

माझ्या पडद्यावर त्याच्या भाषेत अक्षरं उमटली. मास्तरांनी ती दोन्ही भाषांत वाचली. "चुंबक सोडलं."

थोरल्यानं मान खाली घातली, ओझं टांगलेलं असताना आयुष्यात पहिल्यांदाच, आणि पडद्याकडे बघितलं. लाल गोल दुसऱ्या बाजूला होता.

"म्हणजे मी..." तो म्हणाला.

धाकट्याची बायको कोपऱ्यातून उठली. खाली पडलेलं बँडेज तिनं उचललं, झटकलं, आणि त्याचा हात आपल्या हातात घेऊन अंगठ्याला गुंडाळू लागली.

"थांबच म्हणाला होतात, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्ही थांबच म्हणाला होतात."

तेव्हा तो रडला. इतक्या मोठ्यानं रडला की बाहेरचे शिपाई दारात आले.

थोरल्याला सोडलं. उरकेसाहेबाचा जबाब तीन दिवस चालला; अधिकारी सावकाश लिहिणारा होता आणि प्रत्येक वाक्य मास्तरांकडून दोनदा वदवून घेत होता. टोचणी आता दुसऱ्या कंपनीत आहे असं ऐकलं. कुठलंही ॲप तपासायच्या आधी ती ते वापरणाऱ्याशेजारी एक आख्खी पाळी उभी राहते म्हणे.

मी पुरावा आहे, म्हणून मला कुणी चालू करत नाही. बॅटरी उतरत चाललीये. माझं एकच मागणं आहे, आणि ते तुम्हा शब्द पलटणाऱ्यांकडे, पडदा पलटणाऱ्यांकडे. माझ्यासारख्याच्या तोंडी नवी भाषा घालायच्या आधी एकदा त्या माणसाकडे जा. तो कुठे बघतो ते बघा. त्याचा अंगठा कुठे टेकलेला असतो ते बघा. जमलं तर टांगलेल्या ओझ्याखाली दोन मिनिटं उभे राहा.

डागाचं सांगेन म्हणालो होतो. तो थोरल्याच्या अंगठ्याचा आहे. खाली डावीकडे, जिथे लाल गोल असायला हवा होता, तिथे आता तेवढाच एक लाल ठिपका आहे. पुरावा म्हणून तो कुणी पुसत नाही.